घर आवरण्याआधी ऑफर लेटर वाचा

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ३१, आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये, त्याच कंपनीत चार वर्षं, हातात ६४ हजार. यजमानांना ५८ हजार. घर भाड्याचं, १९ हजार. बाकी घरखर्च ३० हजार. पहिलं बाळ, बाविसावा आठवडा चालू, बाळंतपण साताऱ्याला माहेरी. क्रेडिट कार्डावर १ लाख ८० हजार थकलेत. त्यातले १ लाख बाळासाठी बँकेतून घेतलेल्या ‘चाइल्ड प्लॅन’च्या पहिल्या हप्त्याचे. पर्सनल लोनचे ३ लाख २० हजार बाकी, हप्ता साडेअकरा हजार. एफडीत २ लाख ६० हजार.

प्रश्न असा: “सुट्टीवर जाण्याआधी एफडी मोडून कार्ड फेडू की लोन? घरातला पसारा विकून ७५ हजार उभे राहतील, तेही कर्जातच टाकायचे आहेत. सुट्टीत पगार चालूच राहील. म्हणजे बाळ वर्षाचं होईपर्यंत कर्जमुक्त होऊ ना?” सोबत विकायच्या वस्तूंची यादी, अपेक्षित किमतींसह.

आणि शेवटी ता. क.: “दुसऱ्या कंपनीची ऑफर स्वीकारली आहे, १२ हजार जास्त. सोमवारी राजीनामा देईन, पाच आठवड्यांनी तिकडे रुजू. त्यांच्याकडेही २६ आठवड्यांची रजा आहे, एचआरने सांगितलं. बाळाबद्दल मी अजून काही बोलले नाही.”

ताई, आधी कार्ड फेडा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता त्या ता. क. कडे येऊ, कारण अख्ख्या पत्रातली सगळ्यात महागडी गोष्ट तिथे आहे. सोमवार यायच्या आत वाचा.

२६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, खरं आहे. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ती १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. पण तिला एक अट आहे. ज्या कंपनीकडून लाभ मागायचा त्याच कंपनीत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत, किमान ८० दिवस काम झालेलं हवं. १९६१ च्या त्या कायद्यात ही अट होती, आता त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. जुन्या कंपनीतली चार वर्षं नव्या कंपनीच्या हिशोबात शून्य.

आता तुमचे दिवस मोजा. बाविसावा आठवडा चालू, म्हणजे तारखेला साधारण १८ आठवडे. त्यातले पाच नोटीस पिरियडमध्ये गेले. उरले १३. पाच दिवसांच्या आठवड्याने ६५ दिवस, सणांच्या पगारी सुट्ट्या धरून. पण तुम्ही तर नवव्या महिन्यात माहेरी जाणार म्हणता. मग कामाचे राहिले नऊ आठवडे, ४५ दिवस. कुणी सांगेल की शनिवार-रविवारही धरता येतील. धरा, तरी ६३. ऐंशी काही होत नाहीत.

थोडक्यात, नव्या कंपनीने हात वर केले तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. एचआर खोटं बोललेली नाही. “आमच्याकडे २६ आठवडे आहेत” हे तिने कंपनीचं धोरण सांगितलं. तुम्हाला लागू होतं का, हे तिला विचारलंच कुणी नाही. तुम्ही गरोदर आहात हेच तिला माहीत नाही!

पैशात बघा. सध्याच्या कंपनीत राहिलात तर सहा महिन्यांचा पगार, ६४ गुणिले ६, ढोबळ पावणेचार लाखांच्या वर. नव्या कंपनीची वाढ महिन्याला १२ हजार. ती वाढ साठवून तेवढे पैसे जमायला ३२ महिने लागतील. तोवर बाळ प्लेग्रुपला जाऊ लागेल. आणि रजा बिनपगारी झाली तर यजमानांच्या ५८ हजारांतून भाडं १९, घरखर्च ३०, हप्ता साडेअकरा आणि कार्डाचे किमान ९ हजार भागवायचे. बेरीज साडेएकोणसत्तर. डायपरचं पहिलं पाकीट आणायच्या आधीच दर महिन्याला साडेअकरा हजारांचा खड्डा. वर्षात कर्जमुक्ती कसली, कार्डावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दवाखान्याच्या बिलाचं तुम्ही “इन्शुरन्स आहे” एवढंच लिहिलंय. तो इन्शुरन्स कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे आणि राजीनाम्यानंतर शेवटच्या दिवशी तो सहसा संपतो. नव्या कंपनीच्या पॉलिसीत बाळंतपण पहिल्या दिवसापासून धरलंय की नऊ महिन्यांनी, हे लेखी बघितल्याशिवाय गृहीत धरू नका. स्वतःची वेगळी पॉलिसी आता घेऊन उपयोग नाही. बाळंतपणासाठी बहुतेक ठिकाणी दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. खासगी रुग्णालयात सिझेरियन झालं तर लाखाचा आकडा सहज ओलांडला जातो. सध्याच्या कंपनीत राहिलात तरी दोन गोष्टी विचारा: बाळंतपणाची मर्यादा किती (ती बरेचदा पन्नास हजारांच्या आसपास असते) आणि साताऱ्यातलं कोणतं रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे. बाळाचं नाव पॉलिसीत घालायची मुदत थोडी असते, तीही आत्ताच लिहून ठेवा.

मग ऑफरचं काय? दोनच सरळ वाटा. नव्या कंपनीला सांगा की गरोदर आहे, रुजू व्हायची तारीख रजेनंतरची द्या. नाही म्हणाले तर नाही. चार वर्षांचा अनुभव असलेल्या टेस्टरला ऑफर पुन्हा मिळते. किंवा ते ८० दिवसांची अट न लावता भरपगारी रजा द्यायला तयार असतील, तर तसं ईमेलवर घ्या, तुमच्या नावाने, तुमच्या तारखांसह. फोनवरचं “होऊन जाईल मॅडम” चालणार नाही. तिसरी वाट, काही न बोलता रुजू होऊन नंतर बघू, ही तुम्ही आत्ता धरलेली आहे. ती सोडा. रजेनंतर नोकरी बदलायला तुम्हाला कुणी अडवत नाही, नोटीस पाळली की झालं.

आता ‘चाइल्ड प्लॅन’. ज्या बाळाचं अजून नाव ठरलेलं नाही त्याच्या नावाने बँकेतल्या माणसाने दरवर्षी लाखाचा हप्ता दहा वर्षांसाठी तुमच्या गळ्यात घातला, आणि पहिला हप्ता कार्डावर घासायलाही त्यानेच सुचवलं. का, तर “पॉइंट मिळतील”! दहा लाख भरून विसाव्या वर्षाअखेर २३ लाख, असं त्याने कागदावर लिहून दिलंय. छान दिसतं. परतावा काढा, साडेपाच टक्के येतो. त्याहून जास्त पीपीएफ देतो, आणि तिथे एखाद्या वर्षी पाचशे रुपये भरले तरी खातं चालू राहतं. विम्याचं म्हणाल तर तुमच्या जिवावर दहा लाख. यजमानांवर काहीच नाही.

पण इथे तुमचं नशीब चांगलं आहे. पॉलिसीचे कागद तीन आठवड्यांपूर्वी हातात आले म्हणता. कागद मिळाल्यापासून ३० दिवस फ्री-लूकचे असतात. त्या मुदतीत पॉलिसी परत केली तर स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी परत मिळतात. तुमच्याकडे आठ-नऊ दिवस उरलेत. बँकेत जाऊ नका, तिथे चहा पाजून मुदत संपवतील. थेट विमा कंपनीच्या ईमेलवर अर्ज पाठवा, शाखेत प्रत देऊन शिक्क्याची पोच घ्या. त्यानंतर त्या माणसाचे फोन येतील. बाळाच्या भवितव्याबद्दल तो फार हळवा होईल. उचलू नका.

परत आलेल्या लाखातून यजमानांसाठी एक कोटीचा टर्म इन्शुरन्स (बचत नाही, माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा) काढा. त्यांच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला बारा-पंधरा हजारांच्या आसपास बसावा. तुमचा बाळंतपणानंतर, या दिवसांत बऱ्याच कंपन्या अर्ज पुढे ढकलतात.

कर्जाचं आता भराभर. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के धरले तर १ लाख ८० हजारांवर ६,३०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ७,४०० च्या घरात. तुम्ही किमान रक्कम म्हणून ९ हजार भरता, म्हणजे मुद्दलात जातात जेमतेम सोळाशे. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. एफडी सात टक्क्यांची, मोडल्यावर अर्धा-एक टक्का कापतील, कापू द्या. पॉलिसीच्या परताव्याची वाट बघत बसू नका. उद्याच कार्ड पूर्ण फेडा. एफडीतले ८० हजार उरतील, पॉलिसीचे पैसे आले की पुन्हा दीड लाखाच्या वर जातील.

आणि ते तसेच राहू द्या. पर्सनल लोन १४ टक्क्यांचं आहे, बोचतं, कबूल. पण मुदतीआधी फेडलं तर दंड किती ते करारात बघावं लागेल, आणि तिथे ओतलेला पैसा बाळंतपणाच्या रात्री परत मागता येत नाही. रजा संपेपर्यंत त्याचा हप्ता नेमाने भरा. वर्षात कर्जमुक्त होणार नाही. साडेअकरा हजारांच्या हप्त्यात ३ लाख २० हजार फिटायला पावणेतीन वर्षं लागतात. घाई कामावर परत गेल्यावर करा.

राहिली तुमची यादी. ती वाचून मजा आली. ट्रेडमिल २५ हजार. त्यावर हल्ली ओले टॉवेल वाळतात हे तुम्हीच कंसात लिहिलंय, आणि फोटो पाठवताना टॉवेल काढायचे राहिले. दहा हजार आले तर लगेच द्या. सोफा १५ हजार लिहिलाय. घेणारा आधी तिसऱ्या मजल्यावरून तो उतरवायला किती पडतील ते विचारेल, मग चार हजार म्हणेल. दोन जुने लॅपटॉप, ओटीजी ओव्हन, इंजिनिअरिंगची पुस्तकं, सगळं धरून माझा अंदाज २० हजार. त्याच्या वर आले तर तुमच्या सौदेबाजीला सलाम. हे पैसे कर्जात न टाकता बचत खात्यात ठेवा. लॅपटॉप देण्याआधी त्यातला डेटा पुसून घ्या, आयकराची जुनी रिटर्न्स त्यातच असतात. आणि विक्रीसाठी जिने चढउतार तुम्ही करायचे नाहीत.

यादीच्या मागच्या बाजूला घ्यायच्या वस्तूही आहेत: लाकडी कॉट, प्रॅम, स्टीम स्टरलायझर, बाळाचं कपाट, एकूण ४८ हजार. पसारा काढून तिथेच नवा पसारा. बाळ पहिले दोन-तीन महिने साताऱ्यात असणार. तिथे आईकडे पाळणा असेलच, नसेल तर शेजारून येईल. दुपटी-झबली बाळंतविड्यात इतकी येतील की ठेवायला जागा पुरणार नाही. डोंबिवलीत परत याल तेव्हा काय खरंच लागतं ते कळलेलं असेल. प्रॅम तर मुळीच नको. तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही.