जुनी जाहिरात साइटवर टाकण्याआधी

मुंबईच्या चोर बाजारातून जुना अंक घेतलास, म्हणून त्यातल्या खेळण्यांच्या जाहिरातीचा हक्क (कॉपीराइट) तुला मिळत नाही. आधी जाहिरात भिंगाखाली धर. चित्राच्या कोपऱ्यात बारीक सही दिसली, तर आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. चित्रकार निनावीच राहिला असेल, तर प्रकाशनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोज. म्हणजे १९६० ची अशी जाहिरात २०२० संपताच मोकळी झाली. म्हणून मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी महिना-साल छापलेलं पान जपच! मुदत अजून संपलेली नाही अशा जाहिरातींना नुसतं ‘सौजन्य’ लिहून भागत नाही. कंपनीची लेखी परवानगी माग. समीक्षेसाठी वापरायला कायद्यात जागा आहे, पण मग खरंच समीक्षा लिही. बोधचिन्हाचे टी-शर्ट मात्र विकू नकोस. बोधचिन्हावरचा ट्रेडमार्कचा हक्क नूतनीकरण करत राहिलं तर संपतच नाही.