जुनी झाडे तोडून नवी लावली, तर कार्बनचा हिशेब जुळतो का?

प्रश्न: उष्ण कटिबंधातील जंगलांतली जुनी झाडे वाढायची थांबलेली असतात; ती तोडून टिकाऊ सामान केले आणि जागेवर जलद वाढणारी झाडे लावली, तर हवेतला कार्बन अधिक शोषला जाईल, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर: नाही. झाड दरवर्षी किती कार्बन घेते आणि जंगलात एकूण किती साठलेला आहे, या दोन गोष्टींची येथे गल्लत झाली आहे. कोवळे रान झपाट्याने वाढते, हे खरेच. पण अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांत शेती वा कुरणे सोडून दिलेल्या जागी आपोआप वाढलेल्या जंगलांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जमिनीवरचा जैवभार (म्हणजे झाडाझुडपांचे एकूण सुके वजन) जुन्या जंगलाच्या ९० टक्क्यांपर्यंत यायला साधारण ६६ वर्षे लागतात. काही वर्षांनी पुन्हा तोडली जाणारी लागवड तिथवर कधीच पोहोचत नाही. शिवाय जुने झाड थांबलेले नसते. २०१४ साली ४०३ प्रजातींच्या मोजणीत असे दिसले, की बहुतेक प्रजातींमध्ये झाड जितके मोठे, तितकी त्याच्या वजनात पडणारी वार्षिक भर अधिक. उंची थांबली तरी बुंधा भरतच असतो.

आता लाकडाचे पाहू. सुक्या लाकडाचा जवळजवळ निम्मा भार कार्बनचा असतो, म्हणजे दहा टन सुक्या वजनाच्या झाडात सुमारे पाच टन कार्बन, आणि तो सगळा हवेत गेला तर सुमारे १८ टन कार्बन डायऑक्साइड. सामानात जातो तो फक्त ओंडका चिरून निघालेल्या लाकडाचा भाग. फांद्या, जमिनीत राहिलेला बुडखा आणि मुळे जंगलातच कुजतात.

त्याहून मोठे नुकसान मात्र आजूबाजूला होते, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उष्ण जंगलात जाड वेली एका शेंड्यावरून दुसऱ्यावर गेलेल्या असतात, त्यामुळे एक झाड पडताना शेजारची झाडे ओढून आणते, आणि ओंडके बाहेर काढणारी यंत्रे वाट फुटेल तशी फिरली तर रोपे चिरडली जातात. तोडीआधी काही महिने वेली कापून ठेवल्या, झाड कोणत्या दिशेला पाडायचे हे खाच घेण्यापूर्वी ठरवले आणि ओढण्याचे रस्ते नकाशावर आखले, तर तेवढेच लाकूड मिळूनही उत्सर्जन बरेच घटते. मलेशियातील साबा राज्यात १९९२ पासून ही पद्धत कार्बन वाचवण्याच्या हेतूने वापरली गेली.

आणखी एक सवय लावता येते. बुंध्यात करवत उभी खुपसून आत पोकळी आहे का, हे आधी पाहावे; पोकळ निघालेले झाड पाडल्यावर तिथेच सोडून दिले जाते, आणि ना लाकूड मिळते ना साठा राहतो. जलद वाढणारी झाडे लावायचीच असतील, तर ती आधीच उजाड झालेल्या जमिनीवर लावावीत. दलदलीतील पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर असलेल्या) जमिनीचे पाणी काढून मात्र कधीही लावू नयेत, कारण कोरडे पडलेले पीट वर्षानुवर्षे कार्बन सोडत राहते आणि पेटले तर आग जमिनीखाली धुमसत राहते.