टेबल पाठ आहे, पण लॅबमध्ये बसलं की आठवत नाही

नेटवर्किंगची परीक्षा देणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा हे वाक्य इतक्यांदा ऐकायला मिळतं की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

एका मुलाचं सांगते, ओळख बदललीये. परीक्षा हुकलेली आणि "माझं डोकंच या फिल्डचं नाही" हे मनात पक्कं बसलेलं. राउटरच्या कुठल्या इंटरफेसवर ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) कुठला नेटवर्क टाइप धरतो, याचं टेबल पाठ असूनही नेमका तिथेच अडायचा. आधी आम्ही भीतीबद्दलच बोलत राहिलो, फार काही हललं नाही, मग मी त्याला टेबल बंदच करायला लावलं.

"सिरियल लिंकच्या पलीकडे कितीजण असतात?"

"एकच."

"मग डीआर, म्हणजे सगळ्यांच्या वतीने माहिती वाटणारा मुख्य राउटर, निवडायचा कशाला?"

"नकोच की... अच्छा, म्हणून पॉइंट-टू-पॉइंट!"

"आणि ईथरनेट?"

"तिथे कितीही असतील, पण ओळख करून देणारं एक हॅलो पॅकेट सगळ्यांना पोचतं. ब्रॉडकास्ट. डीआर लागणार."

फ्रेम रिले, म्हणजे एकाच लाइनवरून अनेक दूरचे राउटर जोडायचं जुनं तंत्र, त्याच्या मेन इंटरफेसवर गाडी अडली. मी गप्प बसले, अशा वेळी मी कधीच उत्तर पुरवत नाही. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "मॅडम, माणसं बरीच आहेत पण सगळ्यांना एकदम हाक मारता येत नाही. म्हणून नॉन-ब्रॉडकास्ट, म्हणूनच नेबर, म्हणजे पलीकडचे राउटर, हाताने टाकावे लागतात!" त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याच इंटरफेसवर पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस (पलीकडच्या एकाच राउटरसाठीचा आभासी भाग) केला तर काय, हे त्याने मी न विचारताच सांगितलं.

माझं ठाम मत आहे, या मुलांची मेमरी कमजोर नसते. कारण न कळता पाठ केलेली इंटरफेस आणि नेटवर्क टाइपची जोडी टेन्शनमध्ये सगळ्यात आधी निसटते, स्वतः शोधलेलं कारण टिकतं. म्हणून पलीकडे कितीजण आणि एक पॅकेट सगळ्यांना पोचतं का, एवढंच आधी विचारा.

आणखी एक, इथे खूप मुलं उगाच स्वतःला दोष देतात. लूपबॅकला (राउटरच्या आतल्या आभासी इंटरफेसला) /२४ मास्क दिला तरी समोरच्या राउटरवर /३२, म्हणजे एकच पत्ता, दिसतो, तुमचं काही चुकलेलं नसतं, ओएसपीएफ तसाच वागतो. आणि एका टोकाला ब्रॉडकास्ट, दुसऱ्याला पॉइंट-टू-पॉइंट असेल तर सिस्कोवर दोघांचे हॅलो आणि डेड टायमर (हॅलो किती वेळाने पाठवायचा आणि किती वेळ आला नाही की नेबर गेला असं धरायचं) १० आणि ४० सेकंदच, त्यामुळे नेबर फुल, म्हणजे पूर्ण जोडलेला, दिसतो आणि राउट मात्र येत नाहीत. तेव्हा रडकुंडीला येऊन सगळं कॉन्फिगरेशन पुसू नका, दोन्ही राउटरवर 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस' मारा आणि नेटवर्क टाइपची ओळ जुळवून बघा.