एस्तेर सांगायचीय ना? मग मुकुट बाजूला ठेव

अगं, सिनेगॉगमध्ये मुलींसमोर पहिल्यांदाच बोलणारेस, म्हणून सांगते: एस्तेरच्या, म्हणजे बायबलातल्या त्या यहुदी राणीच्या, रूपाचं कौतुक दोन वाक्यांत उरक. पुरीमच्या सणाला मुकुटवाल्या छोट्या एस्तेर ढीगभर दिसतातच. तू थेट एस्तेरच्या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायावर ये. आपल्या लोकांचा जीव वाचवायला तिला राजाकडे जायचंय. राजानं 30 दिवसांत बोलावलेलं नाही, न बोलावता गेलं तर जीव जाऊ शकतो, आणि ती आधी चक्क कचरते. मग राजधानी शूशनमधल्या सगळ्या यहुद्यांना 3 दिवस उपास करायला सांगते, स्वतःही करते. ते कचरणं गाळू नकोस हं. मुलींना तिथेच ती आपली वाटते.

हन्नाही घे, मूल व्हावं म्हणून प्रार्थना करणारी. ओठ हलतायत, आवाज नाही, आणि कोहेन (याजक) एलीला वाटतं बाई प्यायलीय! ती गप्प बसत नाही, नम्रपणे त्याची चूक दाखवते. अमिदा ही आपली मुख्य प्रार्थना हलक्या आवाजात म्हणायची रीत तिच्यावरूनच सांगतात.

सलाफहादच्या 5 मुली पुढच्या वेळी. (बापाचा वाटा मागायला मोशेपुढे उभ्या राहिल्या त्या, त्यांना अख्खी दुपार लागते.)

आणि मराठीतच बोल. आपल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे इथल्या मराठी यहुद्यांनी, बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं केलीत. एखादा हिब्रू शब्द अडखळला तर अडखळू दे.