ऐनवेळचा विषय

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकबंदीवरच्या तुझ्या नाटकाची संहिता दोनदा वाचली. पहिल्या प्रवेशात घोषणा, दुसऱ्यात पुस्तकाची होळी, तिसऱ्यात प्राध्यापकांचं लांबलचक स्वगत. टाळ्या पडतील. पण खलनायक गेटबाहेर उभा केलास की आत बसलेले सगळे आपोआप सुटतात, हीच माझी तक्रार.

मुंबई विद्यापीठातलं 2010 सालचं प्रकरण घे. रोहिंटन मिस्त्रींची 'सच अ लाँग जर्नी' बी.ए.च्या इंग्रजीला होती. एका पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने प्रती जाळल्या आणि कुलगुरूंनी खास अधिकार वापरून कादंबरी अभ्यासक्रमातून काढली. जाळपोळीला कॅमेरे येतात. सहीच्या वेळी खोलीत फक्त पेन असतं. तू त्या खोलीत शीर.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यासमंडळाची बैठक लिही. गार झालेला चहा, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम. मग शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. पुस्तकाचं नावसुद्धा कुणी घेत नाही. "ते जरा बघून घेऊ," एवढंच. माना हलतात.

दुसरा प्रवेश वर्गातला. तासिका तत्त्वावरची शिक्षिका, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. लेखी आदेश अजून आलेलाच नाही, तरी ती म्हणते, "हे प्रकरण परीक्षेला नाही."

हे मला सुचलेलं नाही, मी केलेलं आहे. शिपाई सहज म्हणाला होता, "सर, बाहेर चर्चा आहे." मी एक कविता गाळली. एका मुलीने कारण विचारलं, तर म्हणालो, वेळ नाही. तास संपायला वीस मिनिटं होती.

इथे नाटक थांबव. ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल, त्याचं फोरम थिएटर तुला माहीत आहेच (1971 मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने त्याला पकडून छळलं, मग देश सोडावा लागला). त्यात प्रवेश एकदा सरळ करायचा. दुसऱ्या खेपेला प्रेक्षकाने "थांबा" म्हणायचं आणि पात्राच्या जागी स्वतः उभं राहायचं. मात्र जागा शिक्षिकेचीच द्यायची, अध्यक्षाची नाही. अध्यक्ष बदलला की क्षणात सगळं गोड होतं, आणि शिकायला काही उरत नाही. समोरच्या नटांनीही लगेच विरघळू नये, "तुमच्या नेमणुकीच्या ऑर्डरचं काय?" असं थंडपणे विचारावं.

स्वगत काप. सगळं.

पहिल्या तालमीला प्राध्यापकांना बोलाव, तासिकावाल्यांना आधी. मीही येतो, मागच्या रांगेत बसेन. मला पुढे बोलावू नकोस. "थांबा" म्हणायचं झालं तर मीच म्हणेन.

तुझा,
सर