भाकरी मोजणारा नवरा, सोबत चालणारी शेजारीण

"मॅडम, सगळं कळतंय मला. पण होईना बघा."

लातूरच्या माझ्या खोलीत या ताई वजन उतरवण्याचा सल्ला घ्यायला आल्या त्या जुलैत. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वय ४१, वजन ८१ किलो, घरीच शिवणकाम. आठ-नऊ तास मशीनवर बसून. उपाशीपोटीची साखर ११२ निघाली, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. थायरॉईड तपासून झालं होतं, ते ठीक होतं. वर्षभरात चारदा सुरुवात केली आणि चारही वेळा पंधरा दिवसांत सुटलं. "माझ्यातच जिद्द नाही का हो?"

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. मी आधी उलट विचारते, घरात कुणाला सांगितलंय?

"ह्यांना सांगितलंय की. मीच म्हणले, माझ्यावर लक्ष ठेवा."

नवऱ्यानं ते काम मनापासून केलं होतं. दुसऱ्या भाकरीला हात गेला की, "परत? किती खायलीस?" पाहुण्यांदेखत सुद्धा. मग ताई एका भाकरीवर उठायच्या आणि रात्री अकराला, सगळे झोपल्यावर, दिवा न लावता ओट्याशी उभ्यानं शेंगदाण्याचे लाडू खायच्या. हे सांगताना त्या रडल्या. लाडू खाल्ल्यापेक्षा दिवा लावला नाही, याची लाज त्यांना जास्त होती.

खायला लागल्यावर थांबताच येत नाही का, नंतर उलटी काढता का, हे मी विचारून घेतलं. तसं नव्हतं. असतं तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. कुणाला असं होत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

ताईंची जिद्द कमी नव्हती. वजन उतरायला लागलं की शरीर भूक वाढवतं आणि स्वतःचा ऊर्जेचा खर्च आखडतं. दिवसभर अर्धपोटी राहिलेलं माणूस रात्री खाणारच. त्यात पहारा बसला की खाणं थांबत नाही, लपतं. पहारा म्हणजे आधार नव्हे, हे मला त्यांच्या घरच्यांना पटवायचं होतं.

पुढच्या वेळी नवरा आला. "मी तिच्या भल्यासाठीच बोलतो." खरंच होतं ते. मी म्हटलं, ताटाबद्दल एक शब्द बोलू नका. त्याऐवजी संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात मशीन बंद राहील आणि गिऱ्हाईक आलं तर कपडे तुम्ही घ्याल, एवढं जमेल? त्यांचा चेहरा सैल झाला. 'साथ द्या' म्हटल्यावर माणसाला काय करावं ते कळत नाही. नेमकं काम सांगितलं की कळतं.

सासूबाईंचं वेगळंच. "पोटाला कामून मारायलीस? लोक म्हणतील सासू उपाशी ठेवते." ही भीती खोटी नव्हती, म्हणून जेवण कमी करा असं मी त्यांना सांगितलंच नाही. तेलाचा हिशेब विचारला. पाच माणसांत १५ किलोचा डबा दोन महिन्यांत संपायचा, म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम, तेवढ्यातच ४५० कॅलरी. तेल मापून काढायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं आणि डबा तीन महिने पुरायला लागला. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी होतं तसंच राहिलं. ताईंना पोटभर जेवायला सांगितलं, दिव्याच्या उजेडात, सगळ्यांसोबत. रात्रीचे लाडू हळूहळू आपोआप कमी झाले.

चालायला सोबत मिळाली बचत गटातल्या शेजारणीची. तिलाही साखर होती. एकटीला रस्त्यावर ऐकाव्या लागणाऱ्या शेऱ्यांचा दोघींना त्रास झाला नाही. शिवाय आज पाय दुखतात असं वाटलं तरी ती दारात उभी असायची. उमेद रोज आपल्या आतून येईल याची वाट बघू नये. पुष्कळदा ती दारात उभी असलेल्या माणसामुळे येते.

महालक्ष्म्यांत पुरणपोळ्या झाल्या आणि ताई तीन आठवडे माझ्याकडे फिरकल्याच नाहीत. मी रागवेन असं वाटलं होतं. आधीच्या चारही वेळा त्या अशाच टप्प्यावर सुटल्या होत्या. काट्यावर दीड किलो वाढलेलं दिसलं होतं, पण दोन-चार दिवसांत चढलेल्या अशा वजनात पाणी बरंच असतं. पाळीच्या आसपासही तसंच होतं. रोजचा काटा बंद केला, आठवड्यातून एकदा, सकाळी, एवढंच ठेवलं. पुढं येळवशीला, म्हणजे शेतात जाऊन जेवायच्या आमच्याकडच्या सणाला, काय करू विचारलं तेव्हा मी म्हटलं, शेतात जाऊन भज्जी, उंडे, आंबील मनसोक्त खा आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला निघा. त्या निघाल्या.

सात महिन्यांत साडेचार किलो उतरले. नजरेत भरण्याजोगं नाही, पण ५ टक्के वजन उतरलं तरी साखरेला फरक पडतो, आणि त्यांची साखर १०३ वर आली. जगाची मापं घेणाऱ्या ताई स्वतःच्या कमरेला टेप लावायच्या नाहीत. आता गिऱ्हाइकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितात: ४०, ३९, साडेअडतीस. आपल्याकडच्या बायकांसाठी सांगितलेली मर्यादा ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. अजून बरंच अंतर आहे.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, दोन महिने. मी काही सुचवणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सासूबाई निघायल्यात माझ्यासंग. देवळापर्यंतच, पण निघायल्यात."