परक्या गाडीतली पहिली फेरी

गेल्या अंकात 'रेस ऑफ चॅम्पियन्स'चा मी ओझरता उल्लेख केला होता. फॉर्म्युला वन, रॅली, नॅस्कार, ल मां अशा निरनिराळ्या शर्यतींतले चालक एका स्टेडियममध्ये जमतात आणि एकसारख्या गाड्या घेऊन दोघा-दोघांनी झुंजतात, ती ही स्पर्धा. त्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

ताई, मी दहावीत आहे. सिडनीच्या स्पर्धेचा व्हिडिओ पाहिला. एक गाडी आतल्या लेनमधून सुटते, दुसरी बाहेरच्या. मग आतल्याला अंतर कमी पडणारच ना? हा अन्याय नाही का?
*— एक विद्यार्थिनी, सांगली*

तुझ्या मनगटावर केसांचा रबर असेल तर हातात घे. पोनी बांधताना आपण तो एकदा ओढतो, पीळ देतो आणि पुन्हा गुंडाळतो. केसांभोवती आता दोन वेढे दिसतात, पण रबर एकच आहे. एका जागी तो स्वतःलाच ओलांडून गेलाय, एवढंच. तो ट्रॅक अगदी असाच असतो. रबर जिथे स्वतःला ओलांडतो तिथे पूल बांधतात. एक गाडी पुलावरून जाते, दुसरी खालून. आतली बाहेर येते, बाहेरची आत जाते. दोघांनाही दोन्ही लेन धावाव्या लागतात, त्यामुळे अंतर सारखंच पडतं.

तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण माझी चौदा वर्षं वेळ मोजण्यातच गेली. नाशिकच्या रॅलींना मी टाइमकीपर होते. पहाटे चारला घाटात जाऊन बसायचं, हातात घड्याळ, मांडीवर टाइमकार्ड. रॅलीत गाड्या एकामागून एक, ठरावीक अंतराने सुटतात. प्रतिस्पर्धी कुठे पोचला ते चालकाला दिसत नाही. या स्पर्धेत तो समोरच दिसतो, पलीकडच्या लेनमध्ये, कधी पुलावर. अंगाला अंग लागत नाही, तरी डोळा तिकडे जातोच आणि तिथेच ब्रेक उशिरा लागतो.

आमच्या कट्ट्यावर महिनाभर वाद चालू आहे. खरा मोठा चालक कोण, फॉर्म्युला वनवाला की रॅलीवाला? तुम्ही निकाल द्या.
*— एक सेवानिवृत्त शिक्षक, नाशिक रोड*

सर, रॅलीत आयुष्य घालवलेल्या बाईला तुम्ही हे विचारताय, तेव्हा माझं माप कुठे झुकेल ते तुम्ही ओळखलं असेलच. पण आधी हकिकत सांगते.

१९८८ मध्ये पॅरिसजवळच्या मोंतलेरीला ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती रॅलीवाल्यांचीच होती. पहिला विजेता फिनलंडचा युहा कांकुनेन. पुढे १९९२ पासून बरीच वर्षं ती ग्रान कनारिया बेटावर मातीच्या ट्रॅकवर होत राहिली. सर्किटवाल्यांना, म्हणजे बंद ट्रॅकवर शर्यत करणाऱ्यांना, बोलावणं असायचं, पण वैयक्तिक विजेतेपद रॅलीवाल्यांकडेच जायचं. २००४ मध्ये सगळं बदललं. स्पर्धा पॅरिसच्या स्ताद द फ्रान्समध्ये आली, मैदानावर डांबर पडलं, आणि अंतिम फेरीत २३ वर्षांच्या हेइक्की कोवालाइनेनने सेबास्टियन लोबला हरवलं. रॅलीबाहेरचा तो पहिला विजेता. (हाच कोवालाइनेन फॉर्म्युला वन सोडल्यावर जपानमध्ये रॅली चालवायला लागला आणि २०२२ व २०२३ मध्ये तिथला राष्ट्रीय विजेता झाला. तुमच्या कट्ट्यावर त्याला कुठल्या बाजूला बसवणार?)

त्यानंतर दोन्हीकडचे जिंकले. सर्किटवाल्यांतून डेव्हिड कुलथार्ड दोनदा, २०१५ मध्ये लंडनला सेबास्टियन व्हेटेल, २०१७ मध्ये मायामीला हुआन पाब्लो मोंतोया. पण सर्वांत जास्त, पाच वेळा जिंकलाय तो लोब, नऊ वेळचा जागतिक रॅली विजेता. २०२२ मध्ये स्वीडनला गोठलेल्या समुद्रावर ट्रॅक आखला होता, तिथे त्याने अंतिम फेरीत व्हेटेलला हरवलं. २०२५ मध्ये सिडनीच्या डांबरावरही तोच जिंकला. आणि मायकेल शूमाकर? सात वेळचा जगज्जेता, पण हे वैयक्तिक विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही. २००७ आणि २००९, दोन्ही अंतिम फेऱ्यांत मातियास एकस्ट्रोमने त्याला अडवलं.

माझं मत असं. या स्पर्धेत गाडी तुमची नसते. एका फेरीला हलकी बग्गी, पुढच्या फेरीला आणखी कसली तरी गाडी. क्लच कुठे पकडतो, मागची चाकं कधी सुटतात, हे कळायला वेळच मिळत नाही. फॉर्म्युला वनचा चालक एकच वळण शेकडो वेळा घेऊन त्यातला शेवटचा कण वेचतो, ती विद्या थोर आहे. पण रॅलीवाला जोरात घेतो ते प्रत्येक वळण जवळजवळ पहिल्यांदाच घेत असतो. घाटात रात्री दव पडलं की कालचा रस्ता आज परका होतो, हे मी वर्षानुवर्षं घड्याळात पाहिलंय. परक्या गाडीशी पहिल्या फेरीतच ओळख काढायची सवय त्याच्या हाताला असते. मोठं कोण ते सांगत नाही. पण अनोळखी गाडीची किल्ली द्यायची झाली तर मी रॅलीवाल्याला देईन.

भारतीय कोणी या स्पर्धेत उतरलंय का?
*— एक वाचक, डोंबिवली*

हो, आणि ते पाहायला मी तिथे होते. डिसेंबर २०१२, बँकॉकचं राजमंगला स्टेडियम. भाच्याने तिकिटं काढली होती. नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक ही आपली जोडी. आधी आशियाई संघांची वेगळी स्पर्धा झाली आणि ती भारताने जिंकली. आमच्या आसपास मोजून नऊ-दहा भारतीय असतील. आम्ही इतके ओरडलो की शेजारची थाई कुटुंबंही आमच्याबरोबर तिरंगा हलवायला लागली. कोइमतूरचा एक, चेन्नईचा एक, देशात धड दोन-तीन ट्रॅक, त्यातून वर आलेली ही मुलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग राष्ट्रांच्या लढतीत शूमाकर आणि व्हेटेल या जर्मन जोडीने सलग सहाव्यांदा करंडक नेला. शूमाकर महिन्याभरापूर्वीच फॉर्म्युला वनमधून दुसऱ्यांदा निवृत्त झाला होता. हेल्मेट काढून तो व्हेटेलच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. वर्षभराने त्याला स्कीइंग करताना अपघात झाला. त्या रात्रीचा एक धूसर फोटो माझ्याकडे आहे, तो मी अजून फोनमधून काढलेला नाही.

माझा सतरा वर्षांचा मुलगा दिवसातून तीन तास संगणकावर रेसिंग खेळतो. स्टिअरिंग, पेडल सगळं घेतलंय. वेळ वाया जातोय का?
*— एक पालक, पिंपरी*

वाया जातोच असं नाही. २०१९ मध्ये मेक्सिको सिटीला याच स्पर्धेत एन्झो बोनितो नावाचा सिम्युलेटरवर तयार झालेला मुलगा खऱ्या गाडीत बसला आणि त्याने फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेचा माजी विजेता लुकास दी ग्रासीला हरवलं. वळणाची रेषा, ब्रेकची जागा, नजर पुढे ठेवणं हे पडद्यावर खरोखर शिकता येतं.

मात्र मुलाला मायामीचीही गोष्ट सांगा. २०१७ मध्ये तिथे पास्कल वेरलाइनची गाडी कठड्याला लागून उलटली. तेव्हा त्याची लढत फेलिपे मासाशी चालली होती. वेरलाइनच्या पाठीला दुखापत झाली आणि फॉर्म्युला वनच्या त्या मोसमातल्या पहिल्या दोन शर्यती हुकल्या. पडद्यावर बटण दाबलं की गाडी पुन्हा चाकांवर उभी राहते, मान आणि कणा तसे राहत नाहीत. तीन तासांतला एक तास मानेच्या आणि पाठीच्या व्यायामाला द्यायला लावा. आणि महिन्यातून एकदा खऱ्या कार्टमध्ये बसवा, हेल्मेट आणि गळपट्टीसकट. रस्त्यावर मात्र अजिबात नाही.

वानखेडेवर ही स्पर्धा भरवता येईल का?
*— एक वाचक, दादर*

क्रिकेटच्या हिरवळीवर डांबर नको हो. बालेवाडीला भरली तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन.

या स्पर्धेचा करंडक हेन्री तोइव्होनेनच्या नावाने का आहे? आणि मुलींना यात जागा आहे का?
*— कार्टिंग शिकणारी एक मुलगी, कोल्हापूर*

तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच बाईपाशी जातात. मिशेल मूतों. फ्रान्सची ही चालक १९८१ मध्ये सानरेमोला जागतिक रॅली जिंकणारी पहिली स्त्री ठरली, नॅव्हिगेटरच्या जागीही स्त्रीच होती, फाब्रित्सिया पोन्स. १९८२ मध्ये मिशेल जागतिक विजेतेपदात दुसरी आली.

त्या काळातल्या 'ग्रुप बी' या सर्वांत ताकदवान वर्गातल्या रॅलीच्या गाड्या माणसाच्या आवाक्याबाहेर चालल्या होत्या. २ मे १९८६ ला कॉर्सिकाच्या रॅलीत फिनलंडचा चालक तोइव्होनेन याची लान्सिया गाडी एका डाव्या वळणावर रस्ता सोडून दरीत गेली आणि पेटली. तो २९ वर्षांचा होता. नॅव्हिगेटर सेर्जो क्रेस्तोही गेला. ग्रुप बी त्या वर्षअखेर बंद झाला. मूतोंनेही त्याच वर्षी रॅली सोडली, आणि दोन वर्षांनी फ्रेडरिक जॉन्सन यांच्याबरोबर ही स्पर्धा उभी केली, आपल्या सहकाऱ्याच्या आठवणीसाठी. सगळ्यांना सारख्याच गाड्या, हा नियम मला म्हणूनच फार जवळचा वाटतो.

मुली उतरतात. २०१४ मध्ये बार्बाडोसला सूझी वुल्फ उतरली होती. तू कार्टिंग सोडू नकोस. एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या, परवान्याचं काय करायचं ते तुझ्या प्रशिक्षकांना विचार. आणि पुढचं पत्र लिहिशील तेव्हा तुझा लॅप टाइम नक्की कळव, दशांशासकट.